बोट बांधलेली असताना

धक्क्याच्या पायऱ्यांवर आधी मला टोपली दिसली. बोंबील वाहायची असते तसलीच, वेताची. पण आत मासळी नव्हती. दुपट्यात गुंडाळलेलं भाविशाचं पोर होतं, आणि भाविशा खाली शेवाळलेल्या पायरीवर, चढत्या भरतीकडे तोंड करून उभी होती.

"मासी," मागे न बघता ती म्हणाली, "हिला घरी ने. मी येते मागून."

आवाज अगदी सरळ. जणू मिठाची पिशवी विसरली आणि ती आणायला निघाली.

धावत खाली जाऊन तिचा दंड धरावा असं वाटलं, पण पायऱ्या निसरड्या आणि ती पाण्याला माझ्यापेक्षा जवळ. मी म्हटलं, "टोपली जड आहे गं. एकटीला उचलत नाही. दुसरी बाजू धर."

पोर मांजराएवढं. पण भाविशाचा जन्म टोपल्या उचलण्यात गेलेला. कुणी दुसरी बाजू धर म्हटलं तर नाही म्हणणं त्या हातांना माहीतच नाही. ती वर आली आणि तिने टोपलीची कड धरली. आम्ही दोघींनी मिळून ते एवढंसं पोर जाफराबादच्या भरबाजारातून घरापर्यंत नेलं. लोक हसत होते. मी कुणाला उत्तर दिलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत किती नवल आहे ते गावाला विचारा.

भाविशा नवाबंदरची. आई लहानपणीच गेली, मामीच्या हाताखाली मासळी सुकवण्याच्या वाडीत वाढली. बोंबील वलांडीवर, बांबूंना ताणलेल्या दोरीवर, टांगायचा म्हणजे दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. लग्न होऊन आमच्या वाडीत आली, तर आम्ही एक ओळ भरेपर्यंत ही पुढच्या ओळीवर असायची, आणि तोंड सतत चालू. बोटमालक वेलजीभाई पोट पुढे काढून कसे चालतात, उलट बोलताना नाकातून कसा आवाज काढतात, ते अशी करून दाखवायची की बायांच्या हातून बोंबील गळून पडायचे. मी या बायांची संघटना चालवते. मोर्च्यात माझ्या भाषणापेक्षा हिच्या नकलेला माणसं जास्त जमायची. राग यायचा, पण खरं ते खरं.

नवरा प्रफुल. वेलजीभाईंच्या 'सिकोतर कृपा'चा तो तांडेल, बोट चालवणारा. घरात सासू जीवतीबा, बाकी कुणी नाही. मुलगी झाली, हेत्वी.

आता कुणी म्हणेल, मुलगी झाली म्हणून सासूने छळलं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं, छळणाऱ्या सासवा मी पोत्याने सरळ केल्यात. जीवतीबांनी पेढे वाटले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते भाविशाला माहेर नाही म्हणून बांनी स्वतः केलं. डिंकाच्या वड्या, बाळंतशोपेचं पाणी, शेक, काही म्हणता काही कमी नाही. तरी पोरगी विझत गेली. आधी नकला गेल्या, मग बोलणं. पोर रडलं की ती त्याच्याकडे अशी बघायची, जणू शेजारणीचं ठेवायला दिलंय आणि शेजारीण विसरून गेली.

गल्लीने नजर काढली, मिरच्या जाळल्या. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. आजार आहे हा, नाटक नाही." अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशा गोळ्या दिल्या. दिवा लावला की जीवतीबा गोळी द्यायच्या, एक दिवस चुकल्या नाहीत.

गोळ्यांनी काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. झोप आली, अर्धा रोटला पोटात जाऊ लागला. पण बोटीतलं पाणी पंपाने उपसावं आणि फळीतली फट तशीच राहावी, तसं ते होतं. आणि मग त्या पायऱ्या.

दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि जीवतीबांना घेऊन दवाखान्यात. पायऱ्यांवरचं सगळं सांगितलं, बांसमोर सांगितलं. डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं. म्हणाले, "गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि हिला एकटीला सोडायचं नाही. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. हिने बोलायला पाहिजे. आमच्या केयूरीबेन आहेत, एक गुरुवार सोडून एक गुरुवार येतात."

त्या दिवसापासून जीवतीबा दारात आडव्या झोपू लागल्या. कुणाला बाहेर जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागेल.

वाडीत बातमी पसरलीच. बोंबील टांगता टांगता लखू म्हणाली, "नुसतं बोलायचा पगार? रतनबेन, सरकारला सांग, मला ठेव. मी तर फुकट बोलते."

"तुला गप्प बसायचा पगार द्यायला पाहिजे," मी म्हटलं.

केयूरीबेन भावनगरची. वयाने कोवळी, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्या गुरुवारी भाविशा तिच्यासमोर बसून भिंत बघत राहिली. दुसऱ्या गुरुवारीही तेच. केयूरीबेन बाहेर आली आणि मला म्हणाली, "तिने एकच प्रश्न विचारला. वारा कुठून आहे? घाई नाही, मी थांबेन. पण रतनबेन, आतलं काहीतरी तिने फार घट्ट धरलंय, आणि मला त्याची काळजी वाटते."

माझा संताप झाला. घरी येताना रस्त्यातच मी भाविशावर तुटून पडले. "एवढी धडपड कुणासाठी चाललीय? ती पोरगी कुठून कुठून एसटीने येते. तोंड शिवलंय का तुझं?"

ती थांबली. इकडेतिकडे बघून अगदी हळू म्हणाली, "मासी, बोट बाहेर आहे."

एवढंच. आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. त्याच गल्लीत जन्म गेला माझा, तरी मला हे सुचलं नव्हतं.

नवरा समुद्रात असताना बायकोने रडायचं नाही. वाईट बोलायचं नाही, अमंगळ तोंडातून काढायचं नाही. वायरलेसवरही घरचं वाईट कळवायचं नाही, मेलं कुणी तरी बोट धक्क्याला लागल्यावर सांगायचं. सगळ्याच गल्लीत हे थोडंफार पाळतात, पण जीवतीबांच्या घरात ते दगडावरची रेघ. त्यांचा धनी समुद्रात असताना त्यांचं पहिलं पोर तापाने गेलं, प्रफुल तेव्हा पोटात. त्या रडल्या. कोण आई रडणार नाही? त्याच वादळात धन्याची बोट गेली, फळीसुद्धा परत आली नाही. तेव्हापासून बांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. भाविशा उंबरठा ओलांडून आली त्याच दिवशी त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

"माझ्या मनात जे येतं ना मासी," भाविशा म्हणाली, "ते मी बोलले, आणि तिकडे त्यांना काही झालं तर?"

"आणि बोट बांधलेली असेल तर?"

ती विचारात पडली. "बांधलेली असेल तर बोलेन," म्हणाली.

झालं तर, असं तुम्हाला वाटेल. पण गुरुवार कॅलेंडरवर असतो आणि आमची डोल जाळी तिथीवर चालतात. पाण्याला ओढ असेल तरच डोलीत मासळी शिरते. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मरतं, तेव्हा बोटी घरी. उधाणाची चाहूल लागली की बोटी बाहेर. त्या भांगाला बोट आली सोमवारी. निघणार बुधवारी सकाळच्या ओहोटीला. केयूरीबेन येणार गुरुवारी.

तिला फोन केला. ती दुसऱ्या तालुक्यात अडकलेली. "फोनवर बोलेल का?" तिने विचारलं. एका खोलीचं घर, दारात सासू, आणि गल्लीतल्या भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. भाविशाने नाही म्हणून मान हलवली.

मी सरळ बोटीवर गेले. प्रफुल जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. 'अशक्तपणा आहे' एवढंच घरून कळवलेलं. मी पायऱ्यांचं सांगितलं. त्याच्या हातातली सुई जाळ्यातच राहिली.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या घरात कधी कोण कुणाला सांगतं?"

तो उठून वेलजीभाईंकडे गेला, मीही मागोमाग. वेलजीभाईंचं तेव्हा बर्फाच्या गाडीवाल्याशी वाजलं होतं.

"एक दिवस?" ते ओरडले. "बर्फ भरलाय! उधाणाचा पहिला दिवस घालवू? एका बाईला रडायचंय म्हणून बोट बांधून ठेवू? उद्या लखूला शिंक आली तर बंदर बंद करायचं का?"

"शिंक नाही, जिवाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मग प्रफुल राहू दे घरी. बोट दुसरा कुणी नेईल."

प्रफुल लगेच तयार झाला. घरी येऊन त्याने भाविशाला सांगितलं, मी राहतोय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोटीवर बाकीचे जातीलच ना? त्यांच्या घरी बायका नाहीत?"

  मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम, आणि काय करावं ते सुचेना.

शेवटी मी जीवतीबांवर घसरले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. "बा, तुमचा नियम पोरीला खातोय."

"तू मला शिकवतेस, रतन? तुझी नाळ कापली तेव्हा दिवा मी धरला होता."

"धरला असेल. आता विझवायला निघालात."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी दारात झोपते. माझ्या अंगावरून जाईल का ती? तिच्यासाठी मी डोळ्याला डोळा लावत नाही, आणि तू..."

"दारात झोपून तिला बाहेर जाऊ देणार नाही तुम्ही, बा. पण आतलं बाहेर कसं येणार? तेही तुम्हीच अडवलंय."

म्हातारीचा चेहरा दगड. "जा," म्हणाल्या. मी गेले. जाताना फाटक आपटलं. ते अजून नीट लागत नाही.

बुधवारी सकाळी ओहोटी लागायची वेळ. धक्क्यावर सगळे जमलेले. खलाशी बोटीवर, इंजिन सुरू, वेलजीभाई घड्याळ बघतायत. आमच्याकडे तांडेलाच्या आईच्या हातचा नारळ मिळाल्याशिवाय बोट खाडी सोडत नाही. तो नारळ मग खाडीच्या तोंडाशी आमच्या दर्यादेवीला, सिकोतर मातेला वाहायचा. विधवेच्या हातचा कसा, असं परगावचे विचारतात. आईला विधवा म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

जीवतीबा आल्या. पदराखाली नारळ होता. सावकाश येऊन त्या दोर बांधायच्या खुंटावर बसल्या आणि नारळ मांडीत ठेवला.

"बा, नारळ," वेलजीभाई म्हणाले.

"आहे की."

"द्या मग."

"उद्या."

 वेलजीभाई हसल्यासारखं करून म्हणाले, "थट्टा नको, पाणी उतरतंय."

"उतरू दे. परत चढेल. पाणी कुठे पळून जातंय?"

"बा, मी दुकानातून आणीन नारळ!"

"आण. दहा आण. माझ्या हातचा हा एकच आहे." आणि खलाशांकडे बघून म्हणाल्या, "ज्याला दुकानातल्या नारळावर जायचंय त्याने बसावं बोटीत. मी कुणाला अडवलंय?"

 मग एक खलाशी डोकं खाजवत धक्क्यावर उतरला. त्याच्यामागे दुसरा. तिसरा उतरताना म्हणाला, "माझ्या पोटात दुखतंय." शेवटी प्रफुलने इंजिन बंद केलं. वेलजीभाईंनी जीवतीबांना सोडून जगातल्या सगळ्यांना शिव्या दिल्या, त्यातल्या बऱ्याचशा मला. मी परत दिल्या.

पण माझं लक्ष भाविशाकडे होतं. ती पोराला घेऊन गर्दीच्या मागे उभी होती आणि बोट बांधलेल्या दोराकडे बघत होती. सासूकडे नाही, नवऱ्याकडे नाही. दोराकडे.

गुरुवारी केयूरीबेन आली. भाविशा म्हणाली, "दवाखान्यातून बोट दिसत नाही." पोरगी हुशार. एका शब्दाने कुरकूर न करता तिने पिशवी उचलली आणि धक्क्यावरच्या जाळ्यांच्या खोपीत येऊन बसली. दार अर्धं उघडं ठेवलं, तिथून 'सिकोतर कृपा'चा झेंडा दिसायचा. पोर प्रफुलच्या खांद्यावर. खोपीबाहेर जीवतीबा, मांडीत तोच नारळ. मी थोडी लांब, कुणी फिरकायला नको म्हणून.

बराच वेळ आतून काहीच नाही.  एवढं सगळं करून परत भिंतच बघतेय का ही? मग एक आवाज आला. रडणं म्हणावं तर तसं नाही, मोठी बोट वाळूवरून ओढताना होतो तसा. मग शब्द. काय बोलली ते मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी लिहिलं नसतं. जीवतीबांचा हात आपोआप कानाकडे गेला. मग त्यांनी तो खाली आणला आणि नारळावर ठेवला. डोळे बोटीवर. दोर बघत होत्या त्यासुद्धा. सुटतो की काय.

केयूरीबेन बाहेर आली तेव्हा चष्मा पुसत होती. भाविशाला विचारून, तिच्या समोरच ती बांशी आणि प्रफुलशी बोलली. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या. रात्री पोराला दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं, हिला सलग झोप हवी. थोडा वेळ वाडीत कामाला जाऊ दे, माणसांत. आणि हे बोलणं एकदाचं नाही, पुन्हा पुन्हा व्हायचं. "आणि पाण्याकडे जायचा तो विचार परत आला, तर त्याच क्षणी ती तुम्हाला सांगेल, बा. आणि तुम्ही तिला लगेच दवाखान्यात घेऊन जायचं."

जीवतीबांनी विचारलं, "बोट बाहेर असेल तर?"

"तेव्हा तर नक्की."

भाविशा सासूकडे बघत होती.  सासू उठली आणि तिने नारळ प्रफुलच्या हातात दिला.

बोट गेली. आणि माझी झोप उडाली, कारण खोपीतलं सोपं होतं. बोट बांधलेली होती. भाविशा वाडीत येऊ लागली. हात मंद, पण जबड्यात जबडा अडकवत होती. पोर जीवतीबांच्या मांडीवर, बांबूच्या सावलीत. आम्ही सगळ्या तिच्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होतो.

असं चाललेलं असताना एका दुपारी तिचे हात थांबले. बोंबलाची जोडी हातातच राहिली. ती खाडीकडे बघू लागली. मी उठणार एवढ्यात ती वळली, ओळींच्या मधून सरळ जीवतीबांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बा, तो विचार आला."

आणि रडायला लागली. भर वाडीत. बोटी समुद्रात.

सगळ्या बाया जागच्या जागी. प्रत्येकीचं कुणी ना कुणी बाहेर होतं. जीवतीबांचा हात वर आला, भाविशाच्या तोंडाच्या दिशेने. तोंड दाबायलाच निघाला होता तो, मी शपथेवर सांगते. मध्येच थांबला, आणि तिच्या डोक्यावर गेला.

"रड," बा म्हणाल्या. "मी धरलंय."

"बा!" लखू कळवळली. "माझा पण धनी आहे गं तिकडे!"

"मग तू पण रड. एकदाच होऊन जाऊ दे." पोर त्यांनी माझ्याकडे दिलं आणि भाविशाचा हात धरून, अनवाणीच, दवाखान्याचा रस्ता धरला.

डॉक्टरांनी तिला दोन-चार दिवस ठेवून घेतलं. जीवतीबा तिच्या खाटेखाली झोपल्या. केयूरीबेन गुरुवार नसताना आली. आणि इकडे गल्लीत कुणी मोठ्याने बोलेना. भांग लागेपर्यंत आम्ही सगळ्या आकाशाकडे बघत होतो. मीसुद्धा. असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही, पण बघत होते.

बोटी आल्या तेव्हा जीवतीबा धक्क्यावर उभ्या होत्या, भाविशा पोराला घेऊन मागे. 'सिकोतर कृपा'चा दोर खुंटाला पडला. मासळी किती, हे बांनी विचारलंच नाही. "त्या दिवशी," म्हणाल्या, "तृतीयेला, दुपारी, पाणी कसं होतं?"

प्रफुलला काही कळेना. "तृतीयेला? तेलासारखं होतं, बा. आम्ही सगळे झोपलो होतो. का?"

म्हातारी धक्क्याच्या पायरीवर बसली. भाविशा जिथे उभी होती त्याच पायऱ्या. बसली आणि तोंडाने पुटपुटली, "तेलासारखं." मग पुन्हा, "तेलासारखं." मग तिचे खांदे हलू लागले. ज्या पोरासाठी रडल्याची शिक्षा ती जन्मभर भोगत आली, ते तिचं पहिलं पोर मला आता आठवत नाही. त्याचं नावही गल्लीत कुणाला आठवत नाही. त्या सकाळी तिने ते नाव घेतलं.

भाविशाच्या गोळ्या अजून चालू आहेत. केयूरीबेनकडे ती जाते, बोट बाहेर असो की घरी. काही दिवस अजून वाईट जातात. पण त्या सकाळी हेत्वीला माझ्याकडे देऊन ती सासूशेजारी ओल्या पायरीवर जाऊन बसली आणि तिने बांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा, बा," म्हणाली. "बोट बांधलेली आहे." मग थोडं थांबून, वेलजीभाईंच्या नाकातल्या आवाजात, "आणि नसली तरी रडा. पाणी कुठे पळून जातंय?"

कितीतरी महिन्यांनी तो आवाज. वेलजीभाई समोरच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि बर्फाच्या गाडीकडे निघून गेले, पोट पुढे काढून.